हुंकार

तान्हं बाळ दोन-अडीच महिन्यांचं झालं की आपल्याकडे बायका कौतुकानं सांगतात, "हुंकार द्यायला लागलंय हो!" गोष्ट ऐकणारा मधूनमधून 'हं' म्हणतो, तोही हुंकारच. बोलू पाहणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला आपल्या भाषेनं एकच शब्द दिला. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्याच्याजवळ तेवढंच आहे.

त्याच्या अपंगत्वाच्या जुन्या प्रमाणपत्रावर '१०० टक्के' लिहिलेलं आहे. लहानपणी शाळेत त्याच्यासमोर चित्रांची कार्डं धरायचे. "आंबा म्हण. आंबा." तो कार्डाच्या कडेवर हललेल्या उन्हाकडे बघायचा. वर्षाअखेरीस शेरा यायचा, 'प्रगती नाही.' आई मात्र ओसरीवर तांदूळ निवडत बसायची. झोपाळ्यावरून त्याचं "ह्म्म" यायचं आणि मान वर न करता ती म्हणायची, "हं." मग पुन्हा तो. पुन्हा ती. दिवेलागणीपर्यंत. मी घरी आल्यावर माझी पिशवी घेता घेता सांगायची, "आज खूप बोलला." मला ते सहन होत नसे. गल्लीतली पोरं त्याचा आवाज काढून त्याला वेडावायची, आणि आई तरी वेगळं काय करतेय, असं मला वाटे.

फार उशिरा मी हार्परबरीबद्दल वाचलं. इंग्लंडात हर्टफर्डशायरमधलं हे इस्पितळ. बौद्धिक अक्षमता असलेली माणसं तिथं वर्षानुवर्षं राहत. तिथल्या शाळेत १९८०च्या दशकात डेव्ह ह्युएट, मेलनी निंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोकून घ्यायचे धडे बाजूला ठेवले आणि ते विद्यार्थ्यांशेजारी जाऊन बसले. विद्यार्थ्याचं डोलणं, त्याचा श्वास, त्याचा आवाज, जे काही तो करत असेल त्याला उत्तर द्यायचं. मग थांबायचं. या रीतीला 'इन्टेन्सिव्ह इंटरॅक्शन' म्हणतात. तिचं मूळ आईच्या मांडीवर आहे. मेरी कॅथरीन बेटसन यांनी १९७०च्या दशकात आई आणि दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या भेटींचा बारकाईनं अभ्यास केला, तेव्हा दिसलं की दोघं पाळीपाळीनं 'बोलतात'. शब्दांच्या कितीतरी आधी संवादाची घडी बसलेली असते. ज्याला शब्द कधीच येणार नाहीत, त्यालाही या घडीत जागा आहे. या रीतीनं माणूस बोलू लागेल असं वचन कुणी देत नाही, आणि मला ते नकोही आहे.

वाचताना मला तांदूळ निवडणारी आईच दिसत होती. वेडावणारा थांबत नाही, त्याला समोरच्याचं काही ऐकायचं नसतं. आई थांबायची. खडा बोटांत तसाच धरून, त्याची पाळी येईपर्यंत.

पण वाचणं वेगळं. गेल्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे भाऊ माझ्याकडे सोपवलेला होता. आंघोळ, गुरगुट्या भात, औषधं, कपडे, मी कशात कमी पडले नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी लक्षात आलं, घर गप्प आहे. एड ट्रॉनिक यांचा १९७८मधला प्रयोग आठवला. आईनं थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ हसून बघतं, हात हलवतं, तिला परत बोलावू पाहतं, आणि शेवटी तोंड फिरवून घेतं. मी सहा दिवस त्याला घास भरवत होते, तो चेहरा घेऊन.

त्या रात्री पाऊस ओसरला होता. मी झोपाळ्यावर त्याच्याजवळ बसले. श्वास त्याच्या श्वासाला लावला. बराच वेळ काही नाही. मग अगदी बारीक, "ह्म्म."

"हं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. तो डोलायचा थांबला. मीही थांबले. पागोळ्या संपल्या होत्या, नुसती पन्हळ ठिबकत होती. एक थेंब, दुसरा. आणि तिसऱ्यावर त्याचा लांबलचक हुंकार, शेवटी वर चढलेला.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिला तो मागून ऐकू आला असावा. नेहमीसारखं म्हणाली, "काय म्हणतोय?"

"पन्हळीचं काहीतरी सांगतोय," मी म्हटलं.