रमाबाईंचे ‘ऐकणे’

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. शब्द कानावर घेणे हा एक आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हा दुसरा. ‘मुलगा ऐकत नाही’ असे आई म्हणते तेव्हा तिची तक्रार त्याच्या कानांविषयी नसते. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये आज्ञापालनासाठी जो शब्द येतो, त्याच्याही मुळाशी ऐकणेच आहे. म्हणून ख्रिस्ती साधनेतील आज्ञापालनाविषयी वाचताना आम्हांला नेहमी वाटते, की ‘ऐकावे की नाही’ यापेक्षा ‘कोणाचे ऐकावे’ हा प्रश्न अधिक खोल आहे.

डोंगरावरील प्रवचनात येशू श्रोत्यांना स्वर्गीय पित्यासारखे पूर्ण व्हायला सांगतो (मत्तय ५:४८). तिथल्या ‘तेलेइओस’ या मूळ शब्दाला निर्दोषपणाहून परिपक्वतेची, साध्यास पोहोचण्याची छटा अधिक आहे. या पूर्णत्वाची वाट म्हणून संन्यस्त संघांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते मानली. त्यांतले तिसरे आम्हांला सर्वांत कठीण वाटते. धन सोडता येते, देहसुख सोडता येते. पण स्वतःची इच्छा सोडायची म्हणजे सोडणाऱ्यालाच सोडायचे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे, अँग्लिकन सिस्टरांच्या संघाच्या आश्रयाने झाला. सिस्टर जेरल्डीन त्यांच्या आध्यात्मिक माता. पत्रांत रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणतात. पण या मायेच्या संबोधनाखाली चाललेला वाद मात्र कडवा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, मुलग्यांना शिकवावे की नाही, अशा अनेक प्रश्नांवर रमाबाई अडून बसतात. सिस्टरांना त्यात अहंकार दिसतो. रमाबाईंचे म्हणणे असे, की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे.

हा हट्ट नव्हता असे आम्हांला वाटते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे शास्त्राज्ञा पाळत, पुराणे सांगत, कुटुंबासह तीर्थोतीर्थी फिरले. दुष्काळात आईवडील गेले. निमूट आज्ञापालनाचे टोक रमाबाईंनी बालपणीच पाहिले होते. पुढे पुण्यातही तेच. शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या वादात १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वॉन्टेजच्या लेखी त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, पुण्याच्या लेखी नको तितक्या होत्या.

एम.ए.च्या वर्गात हा पत्रव्यवहार वाचताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, ‘‘सर, मग त्यांनी ऐकलं की नाही ऐकलं?’’ गुरुवचन प्रमाण मानणाऱ्या संतवाङ्मयावर जिची पदवी झाली, तिला हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. आम्ही तिला पुढचा काळ वाचायला सांगितले. धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात दिली आहे. श्रद्धेचा तो अनुभव त्यांना बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी आला. त्यानंतरचे त्यांचे आज्ञापालन पाहावे. दुष्काळातून आणलेल्या मुलीबाया, केडगावचे मुक्ती मिशन, आणि अखेरच्या वर्षांत हिब्रू व ग्रीक शिकून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर. साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून केलेले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देहान्त झाला, त्याच्या थोडे आधी ते पुरे झाले होते. जिने मध्यस्थांचे ऐकले नाही, तिने मूळ शब्द ऐकण्यासाठी म्हातारपणी दोन भाषा कानांत घेतल्या.

एक शंका मात्र उरते. स्वतः न ऐकणाऱ्या रमाबाईंच्या मुक्तीत शिस्त कडक होती. तिथली एखादी मुलगी त्यांच्याशी तशीच वाद घालती, तर? मनोरमेने तर सारे आयुष्य आईच्या कार्याला दिले. तिचे स्वतःचे ‘ऐकणे’ कोणते होते?

आम्ही ख्रिस्ती नाही, आणि आमची श्रद्धाही कोणी हेवा करावा अशी नाही. तरी मुलांना शिकवण्याच्या व्यवसायात वीसेक वर्षे काढल्यावर एवढे कळते, की वर्गात आम्हांला ‘ऐकणारा’ विद्यार्थी आवडतो, आणि पुढे स्वतःचे काम उभे करतो तो बहुधा आमच्याशी भांडलेला असतो. सिस्टर जेरल्डीन यांनी ही सगळी पत्रे जपून ठेवली, त्यांची जुळणीही केली. आज्ञा न मानणाऱ्या मुलीचा शब्दन्‌शब्द त्यांनी राखला. हेही एक ऐकणेच.