आधी काय, मग काय?

बालमित्रांनो, "सांगितलेलं ऐकतच नाही!" अशी बोलणी तुमच्या धाकट्या भावंडानं खाल्ली असतीलच. पण खरंच ते ऐकत नसतं का?

आमच्या सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा कानावर पडतात. शेजारचा चार वर्षांचा चिमुरडा घरी तेलुगू बोलतो, आमच्याशी मराठी. एकदा मी त्याला म्हटलं, "बूट घालण्याआधी मोजे घाल." त्यानं बरोबर केलं. मग खेळताना म्हटलं, "गाडी ढकलण्याआधी चेंडू टाक." पठ्ठ्यानं आधी गाडी ढकलली, मग चेंडू टाकला!

त्याची आजी काळजीत पडली. "दोन भाषांनी गोंधळलंय पोर. आता घरातही मराठीच बोलावं का?"

मी म्हटलं, "थांबा, आजी." माझ्या भाचीच्या घरी फक्त मराठी. तीही चारच वर्षांची. तिला तेच वाक्य सांगितलं, तर तिनंही आधी गाडीच ढकलली!

गंमत अशी की, लहान मुलं जे आधी ऐकतात ते आधी घडलं असं धरतात. 'आधी' हा छोटासा शब्द सगळा क्रम उलटा करतो, हे कळायला वेळ लागतो. तेलुगूतला 'मुंदु' आणि कन्नडमधला 'मोदलु' हेही असेच मागून येऊन क्रम फिरवतात. बूट-मोज्यांचं कसं जमलं मग? तो क्रम रोजच्या सवयीचा, शब्दावर अडत नाही.

ईव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ साली इंग्रजी बोलणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल हेच लिहिलं. मुलांनी खेळणी हलवून वाक्याचा अर्थ दाखवायचा होता. त्यातली लहान मुलं ऐकलेल्या क्रमानंच खेळणी हलवत. म्हणजे हा दोष दोन भाषांचा नव्हे, वयाचा आहे. आणि वय वाढतंच की!

म्हणून आईबाबांनो, घरची भाषा सोडू नका बरं! घाईचं काम असेल तर सरळ सांगा, "आधी चेंडू टाक, मग गाडी ढकल." पण गोष्टी सांगताना लांब वाक्यंही येऊ द्या. ऐकून ऐकूनच ती उलगडायला लागतात.

आणि दोस्तांनो, रविवारी वाटी-चमचा घेऊन हा खेळ धाकट्यांशी खेळा. चुकलं कुणी, तर हसू मात्र नका. ती ऐकतात, अगदी ओळीनं ऐकतात!