वॉकमन, वायर आणि आमचे हे

मंडळी, यांच्या आजारपणाची बऱ्याच जणांनी चौकशी केलीत, म्हणून थोडं लिहिते. अर्धांगाच्या झटक्याला आता वर्ष होत आलं. डावा हात अजून साथ देत नाही, पेपरची अक्षरं नाचतात, टीव्हीसमोर फार वेळ बसवत नाही. कान मात्र शाबूत आहेत! राहिला रेडिओ. पण सूनबाई रात्रपाळी करून सकाळी झोपते, तेव्हा मोठा रेडिओ कसा लावणार? मग मुलाने 2001 साली पहिल्या पगारातून आणलेला वॉकमन कपाटातून निघाला. कॅसेटचे दिवस गेले, पण त्यातला रेडिओ चालतो.

चालतो, पण खरखर फार. बातम्या सुरू झाल्या की हे वैतागून इअरफोन काढून ठेवत. एकदा म्हणाले, "आता हेही नको." माझ्या पोटात कालवलं. माणूस एकेक गोष्ट सोडायला लागला की भीती वाटते हो.

मी पडले मराठीची बी.ए. विज्ञान शाळेतच सुटलं. शेवटी नातवाला फोन लावला. तो म्हणाला, "आजी, एफएमसाठी इअरफोनची वायर हीच एरियल असते." एफएमच्या लहरी साधारण तीन मीटर लांबीच्या. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे पाऊण मीटर, निदान तेवढी वायर तरी सरळ, मोकळी हवी. आणि यांना वायर हातात अडकते म्हणून ते तिची गुंडाळी करून उशाखाली सारत! कपडे वाळत घालायच्या चिमट्याने वायर पडद्याला लावून टाकली. निम्मी खरखर तिथेच गेली.

मग खाट खिडकीकडे दोन-अडीच फूट सरकवली. भिंतींवर आपटून परत येणाऱ्या लहरी मूळ लहरींना मारक ठरतात, म्हणून हातभर सरकल्यानेही फरक पडतो म्हणे. स्टीरिओचं बटण मोनोवर केलं. आवाज दोन्ही कानांत सारखाच येतो, पण स्वच्छ येतो. बातम्यांना आणखी काय हवं?

मीडियम वेव्हचं तंत्र वेगळं. तिथे वायरीचा उपयोग नाही, एरियल वॉकमनच्या पोटातच असते, फेराइटची कांडी. म्हणून वॉकमनच हळूहळू फिरवायचा, आवाज खुलला की तसाच ठेवायचा. शेजारी मोबाइलचा चार्जर किंवा एलईडी दिवा असेल तर तो बंद करून पाहावा. त्यांची गुणगुण मीडियम वेव्हला फार छळते.

तुमच्याही घरी कुणी असं अंथरुणाला खिळलेलं असेल, तर करून पाहा. खर्च काही नाही, एक चिमटा लागतो.

काल यांनी बातम्या देणाऱ्याचा 'ळ' चुकला म्हणून मला हाक मारून सांगितलं. नावं ठेवायला लागले, म्हणजे बरं चाललंय म्हणायचं!