चिकलठाण्याचा वजनकाटा

वेरूळ-अजिंठा पाहून औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, परतायचे तर चिकलठाण्याच्या विमानतळावर दोन तास आधी हजर व्हावे. विमान म्हणजे काही एस. टी. नव्हे, की धावत जाऊन दांडी धरावी! सामान घेणारी खिडकी साधारणतः तासभर आधीच बंद होते. घरबसल्या मोबाइलवर आसन राखले, तरी बॅग वेळेतच द्यावी लागते.

‘एवढी कसली घाई?’ असे वाटते खरे. पण उतारू आणि बॅगा यांचा हिशोब जुळला, म्हणजेच वैमानिकाला एकूण भार कळतो; त्यावरून कोणत्या वेगाला नाक उचलायचे ते ठरते. उड्डाणात क्षणाची किंमत काय, हे या गावाने पाहिले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी येथून मुंबईस निघालेले बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडे बीड रस्त्यावरील कापसाच्या ट्रकला धडकले. ११८ पैकी ५५ जण दगावले. चौकशीत दोष निघाला तो नाक उशिरा उचलल्याचा आणि रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा.

तेव्हा मंडळी, हिमरू शालींची खरेदी आटोपती घ्यावी; काट्यापुढे मात्र निवांत उभे राहावे.