बोरगावची वाट आणि पोलादी सायकल

यंदा संक्रांत झाल्यावर आम्ही दोघे भाऊ चार दिवस बोरगावास जाऊन आलो. साठी ओलांडलेल्या दोन माणसांनी नव्या सायकलीची निवड करण्यासाठी गावी जावे, आणि तेही जिथे ती सायकल बनतही नाही व विकतही मिळत नाही अशा गावी, हे ऐकून घरच्या मंडळींना हसू आवरले नाही. परत आल्यावर मात्र आम्हांला असे वाटते की, ही निवड दुसरीकडे कोठे बसून झालीच नसती.

बोरगाव सौंसर तालुक्यातले. नागपुराहून छिंदवाड्याच्या सडकेने निघावे, सावनेर व केळवद मागे टाकावे, की सातनूरपाशी राज्याची सीमा लागते. तेथे पाट्यांची भाषा बदलते. चुलीपुढची भाषा बदलत नाही. भोसल्यांच्या काळी हा मुलूख नागपूरच्याच राज्यातला. १८५४ साली ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, तेव्हा सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. आमच्या बालपणीचे बोरगाव म्हणजे कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा. आज सडकेलगत औद्योगिक वसाहत आहे, रेमंडची कापडगिरणी आहे, मालमोटारींची रांग आहे. वसाहतीच्या मागे वळले, की जुनी पांदण मात्र तशीच आहे.

याच पांदणीने आमचे वडील सायकल काढीत आणि सडकेने सौंसरच्या शाळेत शिकवावयास जात. काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची ती सायकल अद्याप चुलतभावाच्या गोठ्यात उभी आहे. बोरगावाहून सायकलीवर नर्मदेला जावयाचे, हा वडिलांचा एक जुना बेत होता. रामाकोना, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, तामिया, मटकुली, पिपरिया आणि सांडियाचा घाट, ही नावे ते एखाद्या स्तोत्राप्रमाणे ओळीने म्हणत. सुटी आली की कोणाचे तरी लग्न निघे, नाहीतर कोणाचे आजारपण. बेत राहून गेला. तो आपण पुरा करावा, असे आम्ही निवृत्तीनंतर ठरविले.

बाजारात चौकशी केली, तेव्हा एक तर जुन्या वळणाची जड सायकल मिळे, नाहीतर शर्यतीच्या थाटाची, ओझे न पेलणारी. अखेर पुण्याकडील एका लहान कारागिराचा पत्ता लागला. तो एकेक पोलादी सांगाडा माणसाच्या मापाने जोडतो. वर्षाकाठी मोजकेच करतो. आम्ही दोन सांगाड्यांसाठी विसार पाठविला. उत्तरी त्याने नळीचे दोन नमुने आणि एक प्रश्नावली धाडली. वाट कशी आहे? चाक कोणते हवे? ओझे किती व चढ किती? आणि शेवटचा प्रश्न: मोडल्यास दुरुस्त कोण करील? पहिली तीन उत्तरे आम्ही घरबसल्या लिहू शकलो असतो, पण चुकीची लिहिली असती. चौथ्यावरून तर आम्हां भावांत चांगलाच वाद झाला.

वाद समजण्यासाठी पोलादाविषयी थोडे सांगितले पाहिजे. साध्या सायकलीची नळी मऊ पोलादाची व जाड असते. उंची सायकलीच्या पोलादात साधारण एक टक्का क्रोमियम व त्याच्या पाचव्या हिश्श्याइतके मॉलिब्डेनम मिसळलेले असते. अशा मिश्रणाने पोलाद अधिक ताठ होते, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. ताठपणा सर्व पोलादांचा जवळजवळ सारखाच. वाढते ते बळ, आणि बळ वाढले म्हणजे नळी पातळ करता येते. नळीची टोके जाड ठेवून मधला भाग पातळ करण्याची युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली पेटंट केली. त्यांचीच ‘५३१’ ही मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी १९३५ साली आली आणि पुढे कित्येक दशके नावाजली गेली. ॲल्युमिनियम हलके खरे, पण लहान लहान हिसक्यांनीही ते हळूहळू थकत जाते. पोलाद मात्र एका मर्यादेच्या आतले हिसके जवळजवळ अमर्याद सोसते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण साथीदारांसह मुंबईहून सायकलींवर निघाले व पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून हे तिघे १९२८ साली परतले. त्या काळी रस्त्यावरच्या सायकली पोलादाच्याच असत. तेव्हा पोलाद घ्यावे, याविषयी आमचे दुमत नव्हते. धाकट्याला हवी होती अतिशय पातळ नळी, टोकांस ०.७ आणि मध्ये ०.४ मिलीमीटर जाडीची. थोरल्याला ती पाहूनच धास्ती वाटे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पांदणीने दिले. जानेवारीत ती कोरडी होती. बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळल्या होत्या. पण ही काळी माती पावसाळ्यात काय करते, हे आम्हांस चुलतभावाने गोठ्यातली सायकल दाखवून आठवण करून दिले. तिच्या मागच्या मडगार्डला खालून अजून जुना चिखल चिकटलेला होता. ओली काळी माती चाकाला लागली की थरावर थर चढतो, चिमट्यात नि मडगार्डात दाटतो आणि चाक फिरेनासे होते. वडील कॅरिअरला नेहमी एक काडी खोचून ठेवीत, ती हा चिखल खरवडण्यासाठी. म्हणून आम्ही लिहिले: चाक आणि नळी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंस बोट सहज फिरेल इतकी जागा ठेवावी, मग सांगाडा थोडा लांब झाला तरी चालेल. लांब सांगाडा खडबडीत वाटेवर अंग कमी मोडतो, हा त्यातला आणखी एक लाभ.

दुसरे उत्तर काट्याने दिले. गावाच्या नावातच बोर आहे, आणि पांदणीच्या दोहों बाजूंस बाभूळ. वडिलांची सायकल व पुतण्याची जाड टायरांची नवी सायकल घेऊन आम्ही सौंसरकडे निघालो, तो फर्लांगभर गेलो नसू, पुतण्याच्या सायकलीचे पुढचे चाक बसले. काटा नव्हे, कोणा गाडीचा खिळा होता, टायरही चिरले. सौंसरच्या दुकानात आमच्या निवडीतला मोठा धोका ध्यानात आला. कारागिराच्या यादीत धाकट्याने खूण केलेल्या चाकावर टायर बसते ते ६२२ मिलीमीटर व्यासाच्या बैठकीवर. आमच्याकडच्या जुन्या अठ्ठावीस इंची चाकाची बैठक ६३५ मिलीमीटरची. दोन्ही चाके शेजारी ठेवली तर डोळ्यांना भेद कळत नाही. पण एकाचे टायर दुसऱ्यावर कदापि बसत नाही. सव्वीस इंचातही अशीच फसगत आहे: २६ × १⅜ असे लिहिलेले टायर ५९० मिलीमीटरचे, आणि पुतण्याच्या सायकलीसारखे जाड टायर ५५९ मिलीमीटरचे. दुकानदाराकडे ५५९ ची चार टायरे टांगलेली होती. ६२२ चे एकही नव्हते. वाचकांपैकी कोणी लांबच्या प्रवासासाठी सायकल घेत असेल, तर टायरच्या कुशीवर छापलेला हा मिलीमीटरचा आकडा पाहावा, इंचांवर विसंबू नये. आम्ही ६२२ वर काट मारून ५५९ लिहिले.

तिसरे उत्तर घाटाचे. रामाकोन्यापर्यंत सपाटी, कन्हान ओलांडली की सातपुडा समोर उभा राहतो. या घाटातून पूर्वी नागपूर–छिंदवाडा छोटी रेल्वे धापा टाकीत चढे; २०१५ साली ती बंद झाली आणि तिच्या जागी आता मोठी रेल्वे धावते. पायथ्यापासून पहिल्या काही वळणांपर्यंत आम्ही वडिलांच्या सायकलीवर आळीपाळीने चढून पाहिले. एकच दात्याचे ते चक्र. तिसऱ्या वळणावर दोघेही उतरून ढकलू लागलो. ओझ्यासहित चढावयाचे तर मागच्या चक्रावर मोठे दाते हवेत, आणि ओझे पाठीवर न घेता पुढे-मागे कॅरिअरवर वाटून घ्यावयास हवे. त्याकरिता चिमट्यावरही आटे पाडलेले हवेत. साखळी बदलणारा जो नाजूक भाग मागे लोंबतो, त्याची पट्टी सांगाड्याच्याच पोलादाची असावी, असेही लिहिले. पडझडीत ती वाकली तर पान्याने सरळ करता येते.

उरला चौथा प्रश्न. ‘पोलाद कोठेही जोडून मिळते’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले होते, की ते तपासावे असे कोणाला वाटलेच नव्हते. बोरगावच्या सडकेला ट्रॉल्या व फाटके बनविणारी वेल्डिंगची दुकाने आहेत. एका तरुणापुढे आम्ही धाकट्याच्या आवडीच्या नळीचा नमुना ठेवला. त्याने तो हातात फिरवला.

“काकाजी, हा पाइप हाये का सिगारेटच्या डब्बीतली चांदी? रॉड लावला का भोकच पडते.”

करंट कमी करून त्याने प्रयत्न केला. भोकच पडले. आमच्यापैकी धाकटा गप्प झाला, आणि खरे सांगावयाचे तर थोरल्यालाही त्याचा आनंद झाला नाही. कारण जाड नमुन्याचाही काठ त्या रॉडने खाल्ला होता. जिच्या भरवशावर निघावयाचे, ती गोष्टच हातातून निसटत होती.

सौंसरला परत येऊन आम्ही वडिलांच्या सायकलीला तेलपाणी करावयास एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो आणि सहज दोन्ही तुकडे त्यांच्यापुढे टाकले. त्यांनी गॅसची ज्योत पेटविली, सवागी लावली आणि पितळेच्या काडीने जाड नमुन्याचे दोन तुकडे सावकाश जोडून दिले.

“वितळवाचं काम नाई, भाऊ,” ते म्हणाले. “पोलादाले फक्त लाल करा लागते. वितळते ते पितळ.”

गोष्ट खरी होती. पितळ सुमारे ९०० अंशांवर वितळते. पोलादाला १,४०० अंशांहून अधिक उष्णता लागते. ज्योतीखाली नळी शाबूत राहते आणि पितळ सांध्यात झिरपते. पातळ नमुना मात्र त्यांनी बाजूला सारला. “याले उष्णता देऊन मुद्दाम कडक केलं असंल. मी लाल केलं का ते बळ गेलं,” असे त्यांनी सांगितले. धाकट्याने माहितीपत्रक काढून पाहिले. नळी तशाच जातीची होती.

मग मिस्त्री वडिलांच्या सायकलीकडे वळले. सीटखालच्या सांध्यावर त्यांनी अंगठ्याने काळा रंग व मळ खरवडला. आत बारीक पिवळी रेघ होती.

“गुर्जीची सायकल ना? हा डाग माझ्या बापानं देलेला हाये.”

इतकी वर्षे आम्ही त्या सायकलीवर बसलो, पुसली, ढकलली. ती कधी मोडली होती हे आम्हांस ठाऊकच नव्हते. वडील त्या डागावर रोज सौंसरला गेले आणि परत आले.

त्या रात्री चुलतभावाच्या ओसरीवर आम्ही प्रश्नावली पुरी केली. नळी साध्या क्रोम-मॉलिब्डेनमची, उष्णतेने कडक न केलेली. टोकांस १ आणि मध्यभागी ०.७ मिलीमीटर, सांधे पितळेचे. यामुळे सांगाड्यात सुमारे चारशे ग्रॅमांची भर पडेल, असा हिशेब धाकट्यानेच केला आणि स्वतःच म्हणाला, की हे दोन पेले पाण्याचे वजन झाले. ‘दुरुस्त कोण करील’ या ओळीपुढे आम्ही लिहिले: ज्याच्याकडे गॅसची ज्योत आणि पितळेची काडी आहे असा कोणताही मिस्त्री.

सांगाडे दिवाळीपर्यंत तयार होतील, असे पुण्याहून पत्र आले आहे. निघावयाचे ते बोरगावाहूनच, पांदणीने. निघताना चुलतभावाने विचारले, “दोन नव्या येतील, मंग या जुनीचं काय करता?” आम्ही तिला गोठ्यातच राहू दिले आहे, मात्र तिच्या सांध्यावरची खरवडलेली जागा पुन्हा काळ्या रंगाने झाकू नये, एवढे त्याला सांगून आलो आहोत.