तात्पुरत्या फळ्या

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या त्या वाऱ्याने अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि खाडीपलीकडील मंडणगड, दापोली या तालुक्यांची जी दैना केली, तिची वर्णने त्या वेळी पुष्कळ छापून आली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, घरांवरची कौले पाचोळ्यासारखी उडाली. या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा मला मात्र वादळापेक्षा त्यानंतरचे आठ दिवस आठवले. ३ जूनला वादळ गेले आणि ११ जूनला मोसमी पाऊस कोकणात दाखल झाला. मधल्या काळात आमच्या गावातील फुटलेल्या खिडक्या आणि निखळलेली दारे फळ्या लावून बंद करायची होती. काम सुतारकीचे होते. पण त्यात एक प्रश्न पहिल्या दिवसापासून आमच्या पुढ्यात उभा होता. मालक गावी नसताना त्याच्या घरात पाऊल कोणी आणि कोणत्या अधिकाराने टाकावे?

आमचे गाव श्रीवर्धन तालुक्यातले. बंद घरे ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही. निम्मे गाव मुंबईला असते आणि पुष्कळ घरांची कुलपे गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्याच्या सुटीतच निघतात. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती. मे महिन्यात येणारी बरीच माणसे आली नाहीत. मी स्वतः पनवेलकडे फर्निचरची कामे करतो. काम थांबणार असे दिसताच कुटुंबासह आदल्या आठवड्यात गावी आलो होतो. वादळानंतर वीज गेली, त्यापाठोपाठ फोनही गेले. मुंबईतल्या माणसाला त्याचे घर उघडे पडले आहे हे कळवण्याचा मार्ग उरला नाही. अशी उघडी पडलेली ११ बंद घरे आम्ही मोजली.

मोडलेल्या खिडकीची एवढी घाई कशासाठी, असे एखाद्याला वाटेल. वारा फुटक्या खिडकीतून आत शिरला आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की तो छपराला खालून रेटतो. त्याच वेळी वरून वाहणारा वारा छप्पर उचलू पाहत असतो. दोन्ही जोर एकत्र आले की वासे आणि रिपांसकट छप्पर निघते. वादळात आमच्याकडे गेलेली काही छपरे अशीच गेली. वादळ शमल्यानंतरचा धोका पाण्याचा. जांभ्याच्या भिंतीला आतून मातीचा गिलावा असतो. उघड्या खिडकीतून पावसाची झड आठ-दहा दिवस लागली की तो गिलावा फुगतो आणि गळून पडतो. कणगीतले भात कुजते. ट्रंकेत ठेवलेले सातबारा, शाळेचे दाखले, जातीचे दाखले यांचा लगदा होतो. भिंत पुन्हा लिंपता येते. पण गेलेला कागद पुन्हा मिळवताना गरिबाच्या चपला झिजतात.

पहिली अडचण निघाली पंचनाम्याची. नुकसान पाहायला माणसे येतील, तोवर कशालाही हात लावू नका, झाकले तर नुकसान दिसणार कसे, असे बऱ्याच जणांचे म्हणणे होते. ही भीती खोटी नव्हती. ज्याचे सर्वस्व भिजले आहे त्याला भरपाईचा एक रुपयाही सोडवत नाही. शेवटी ठरले ते असे: प्रत्येक घराची चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यायची, मोडलेली झडप, फुटलेली काच आणि तुटलेली बिजागरी एका पोत्यात घालून त्याच घरात ठेवायची, आणि मगच फळी लावायची. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दोन फोन चार्ज करून आम्ही ही छायाचित्रे घेतली.

दुसरी अडचण सामानाची. बाजारात जाणारा रस्ता झाडांनी अडलेला, ताडपत्री मिळेनाशी झालेली. मग वादळाने जे पाडले होते तेच उपयोगाला आले. पोफळीचा सोट उभा चिरला की त्याच्या लांब, चिवट पट्ट्या निघतात. कोकणात मांडवाला आणि मचाणाला त्या पूर्वापार वापरल्या जातात. मोडक्या खाटांच्या फळ्या, जुने प्लाय, उडालेले पत्रे, खताची पोती असे सगळे गोळा केले. वाडीतल्या मुलांनी दगडावर ठेवून वाकलेले खिळे सरळ करून दिले. लहान मुलांच्या हातून झालेल्या या कामाचा मोठा आधार झाला.

कामाची रीत मात्र आपल्या शाळेतली होती. वसतिगृहामागच्या पत्र्याच्या कार्यशाळेत सुतारकामाचे गुरुजी आमच्याकडून एकेक चौकट तीन-तीनदा मोजून घेत. तात्पुरते काम करताना मूळ कामाला इजा होता कामा नये, हा त्यांचा दंडक होता. गावातील जुन्या सागवानी चौकटींना म्हणूनच आम्ही खिळा मारला नाही. खिडकीच्या आत एक आणि बाहेर एक अशा, खिडकीपेक्षा रुंद, दोन आडव्या पट्ट्या ठेवायच्या, त्यांच्यामध्ये फळ्या धरायच्या आणि आरपार तार ओवून पकडीने पिरगाळायची. फळ्या खालून वर लावत जायच्या, म्हणजे वरची फळी खालचीवर चढते आणि कौलावरून ओघळावे तसे पाणी बाहेर ओघळते. वळचणीखाली दोन बोटांची फट ठेवायची, नाही तर कोंडलेल्या हवेने आत बुरशी धरते. फुटकी काच वरच्या टोकापासून, हाताला जाड बारदान गुंडाळून काढायची. घरावर विजेची तार पडलेली असेल तर गावात वीज नसली तरी तिला हात लावायचा नाही. आणि ज्या घरात माणसे राहतात, त्या घराचे एक दार आतून सहज उघडलेच पाहिजे.

आधी लहान मुले आणि म्हातारी माणसे असलेली घरे, मग इतर राहती घरे, आणि शेवटी बंद घरे, असा क्रम आम्ही ठेवला. पाचव्या दिवशी बंद घरांची पाळी आली आणि त्यांत पहिला होता गावाच्या डोक्यावरचा खोतांचा वाडा. फणसाचे झाड पडून त्याची पडवी मोडली होती, समोरच्या दोन खिडक्या फुटल्या होत्या आणि मागचे दार बिजागरीतून निखळून अंगणात पडले होते.

या वाड्याविषयी वाचकांना दोन शब्द सांगितले पाहिजेत. खोती म्हणजे काय, हे कोकणातल्या कुळांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते या पद्धतीचा जाच जाणूनच. माझे आजोबा मक्त्याचे भात डोक्यावरून घेऊन या वाड्याच्या अंगणात उभे राहत. ओटीची पायरी त्यांना वर्ज्य होती. भात खाली ओतले जाई, वरून कोणीतरी मोजून घेई, आणि माप कधी आमच्या बाजूने झुकले नाही, असे आजी सांगत असे.

त्या संध्याकाळी आमच्या वाडीत बैठक झाली. एका वडीलधाऱ्या काकांनी सरळ विचारले, "त्या वाड्याशी आपला संबंध काय? आणि उद्या तिथली एक वाटी जरी हरवली, तर नाव कोणाचे येईल?" कोणी काही बोलेना. काकांच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देता आले असते. दुसऱ्या प्रश्नामागे पिढ्यांचा अनुभव होता. गावात काही गेले की पहिली नजर कोणत्या वाडीकडे वळते, हे आम्हांला ठाऊक होते.

उत्तर माझ्या चुलतीने दिले. ती चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "वही कर. आत जे दिसेल ते लिही. दुसऱ्या वाडीचा माणूस सोबत घे आणि त्याची सही घे. पाऊस आला तर वाडा पडेल, आणि तो पडला तर त्याच्या खालची दोन घरे आपलीच आहेत." तिच्या बोलण्यात दया नव्हती आणि जुना रागही नव्हता. वाडा उंचावर होता. त्याची भिंत ढासळली तर माती उतारानेच येणार होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे गेलो: आमच्या वाडीतले दोघे आणि कुणबीवाडीतले दोघे. निखळलेल्या मागच्या दारातून माजघरात शिरलो. आत ओल्या मातीचा वास भरला होता. झोपाळा एका कडीवर लोंबत होता, भिंतीवरच्या तसबिरींत पाणी शिरले होते. मी वहीत एकेक वस्तू लिहीत गेलो. पितळी हंडे ३, तांब्याचा बंब १, लाकडी पेट्या २, कुलूपबंद, उघडल्या नाहीत. कोपऱ्यात धान्य मोजण्याची एक जुनी लाकडी पायली होती. घासून घासून तिची कड गुळगुळीत झाली होती. मी ती उचलून कोरड्या फळीवर ठेवली आणि लिहिले, "लाकडी पायली १." चौघांनी खाली सह्या केल्या. मग खिडक्या बंद केल्या, दार पुन्हा चौकटीत बसवून आतून अडसर घातला आणि बाजूच्या दाराला बाहेरून कुलूप लावले. संध्याकाळी काकांनी विचारले, "ती पायली आहे का अजून?" म्हटले, "आहे. लिहून घेतली आहे." ते काही बोलले नाहीत, वही मागून घेतली आणि ते पान बराच वेळ पाहत राहिले.

२२ ऑगस्टला गणपती होते. विलगीकरणाचे दिवस काढून वाड्याचे आजचे मालक, साठी उलटलेले गृहस्थ, घरी आले. आम्ही वही घेऊन गेलो. त्यांनी यादी वाचून एकेक वस्तू ताडून पाहिली. मला त्याचे वाईट वाटले नाही. यादी त्यासाठीच केली होती. तारा कापून आम्ही फळ्या काढल्या. चौकटीवर खिळ्याचे एकही भोक नव्हते. त्यावरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "पायलीसुद्धा लिहिलीत तुम्ही." नंतर ओटीवर बसून सर्वांनी चहा घेतला. निघताना त्यांनी एक किल्ली पुढे केली. "पुढच्या वेळी दार मोडेपर्यंत थांबू नका," एवढेच बोलले.

एका चहाने जुना हिशेब मिटत नाही, आणि तो विसरला जावा असे मला वाटतही नाही. पण मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून जाणार अशी सूचना आली, तेव्हा त्या किल्लीने आम्ही आदल्या दिवशीच वाडा उघडला, खिडक्यांच्या झडपा आतून अडकवल्या आणि बाहेरून फळ्या बांधल्या. तोवर उरलेल्या दहा घरांपैकी सात घरांच्या किल्ल्याही आमच्या समाजमंदिरातील कपाटात आल्या होत्या. ज्या वाडीवर संशय येईल अशी भीती होती, त्याच वाडीकडे गावाने किल्ल्या ठेवल्या. यात उपकार कोणी कोणावर केला नाही. वही होती, सह्या होत्या आणि काढून घेता येतील अशा फळ्या होत्या. दुसऱ्याचे घर राखताना ते आपल्या ताब्यात जात नाही, हे दाखवण्याची एवढीच साधने माझ्या पाहण्यात आली आहेत.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण किनारपट्टीवरच्या गावांत आहेत. त्यांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या वाडीत एक वही ठेवा. कोणते घर केव्हा बंद असते, किल्ली कोणाकडे, मुंबईतला फोन कोणता, हे तीत लिहा. एप्रिलमध्येच खिडक्यांची मापे घेऊन फळ्या कापून ठेवा. वादळाची सूचना आल्यावर करवत शोधण्यात वेळ जातो. आणि शाळेला विनंती अशी की, सुतारकामाची कार्यशाळा कितीही लहान असो, ती बंद पडू देऊ नये. परीक्षेच्या गुणांत तिची किंमत दिसत नाही. आमच्या गावात ती दिसली.

आमच्या फळ्या समाजमंदिराच्या माळ्यावर रचून ठेवल्या आहेत. प्रत्येक फळीवर घराचा आणि खिडकीचा क्रमांक आहे. पहिल्या वर्षी तो खडूने लिहिला होता आणि पावसात पुसला गेला, म्हणून आता रंगाने लिहिला आहे.