न लावलेला गंधार

तंबोऱ्याला तारा चार. एक पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि शेवटी खर्ज. यात गंधार कुठेच नाही. कुठलीही खुंटी त्या सुराला पिळलेली नाही. तरी चारही तारा नेमक्या मिळाल्या आणि जवारी साफ बोलू लागली, की खर्जाच्या पोटातून गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. स्वयंभू हा शब्द एरवी आपण देवासाठी ठेवलेला आहे. कुणी न घडवता जमिनीतून वर आलेल्या पिंडीसाठी, रानातल्या शेंदूर लावलेल्या तांदळ्यासाठी. तो कुणीतरी एका सुराला दिला. ज्यानं दिला त्याचा कान फार मोठा असणार.

मी मिरजेत जवारी काढतो. या कामाला २६ वर्षं झाली.

मिरज स्टेशनवर बाहेरगावची माणसं मुख्यतः दोन कामांसाठी उतरतात, दवाखान्यासाठी किंवा वाद्यासाठी. मी लहानपणापासून दुसऱ्या प्रकारची माणसं बघत आलो. दांड्याला गवसणी घालून तंबोरा लेकरासारखा उराशी धरून चालणारी. पहिल्या प्रकारच्या माणसांत आम्हीही आहोत हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं, आई आजारी पडली तेव्हा. अडीच महिने ती दवाखान्यात होती. मी अंबाबाईची ओटी बोललो, मीरासाहेबांच्या दर्ग्यात चादर बोललो, पंढरीची पायी वारी बोललो. दर्ग्याबद्दल तर आमच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक असतं की अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगनं आजारी होऊन इथं आले, दर्ग्यात गायले आणि बरे झाले. १९३७ साली ते गेले तेव्हा त्यांना त्याच आवारात पुरलं. उरुसात अजूनही तिथल्या चिंचेखाली त्यांच्या आठवणीत गाणं होतं. मला वाटायचं, जिथं एकदा झालं तिथं पुन्हा का होऊ नये?

आई गेली. त्यानंतर मी कुठल्याही उंबऱ्यावर डोकं टेकवलं नाही.

घरात बसवेना, म्हणून शेजारच्या चाचांच्या तंबोऱ्याच्या कारखान्यात जाऊन बसायला लागलो. कारखाना म्हणजे दहा बाय पंधराची खोली आणि पुढं ओटा. चाचांनी कधी विचारलं नाही की काम शिकायचंय का. एक दिवस एक वाळलेला भोपळा पुढं सरकवला आणि म्हणाले, "बेटा, आतलं काढ."

हा भोपळा कडू असतो. भाजीला चालत नाही, जनावरही तोंड लावत नाही. पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या मळ्यांत तो मुद्दाम वाद्यांसाठी लावतात, वेलावरच पिकू देतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. पुरुषांच्या मोठ्या तंबोऱ्याला ५० इंचांच्या आसपास घेर लागतो, तसा एकसारखा गोल भोपळा मिळणं हे नशिबाचं काम. पाण्यात भिजवायचा, तोंड कापायचं, बिया आणि वाळलेला गर खरवडून काढायचा. ज्या पंढरीची वारी मी बोललो होतो आणि मनातून रद्द केली होती, तिथलंच काहीतरी रोज माझ्या मांडीवर येऊन पडत होतं. तेव्हा मला त्याचा राग यायचा.

वर्षभरानं हातात कानस आली.

जवारी म्हणजे काय, हे डोळ्यांना दाखवणं अवघड आहे. तबलीवर जी घोडी बसते, तिचा माथा सपाट दिसतो, पण नसतो. त्याला नखाच्या पाठीसारखा अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकते, कंप पावताना त्याला चाटून जाते, आणि त्या चाटण्यातून झंकार निघतो. उतार थोडा जास्त झाला तर आवाज मुका. कमी झाला तर पत्र्यासारखा कर्कश. तार उतरवायची, कानशीचे दोन हात मारायचे, बारीक पॉलिशपेपर फिरवायचा, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. मिरजेची ही कला शिकलगारांच्या घरातून आली. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तसे ते तारांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला त्याहून मोठी वाटते ती ही गोष्ट, की तलवारीची धार निरखणारी नजर घोडीचा उतार निरखू लागली.

घोडी झाली की दोरा. प्रत्येक तारेखाली, घोडीच्या माथ्यावर, सुताचा एक बारीक तुकडा सरकवायचा. पुढं-मागं, केसाकेसानं. आवाज घुसमटलेला असतो. सरकवत राहायचं. मग एका जागी आवाज फुलतो. ती जागा मोजता येत नाही. आज सापडली ती उद्या हवा बदलली की हललेली असते.

एका दुपारी लाइट गेली होती. पंखा बंद, रस्त्यावर उन्हामुळं माणूस नाही. मी दोन तास एका गवयाच्या तंबोऱ्यावर बसलो होतो. पंचम मिळाला, जोड मिळाली. खर्जाची पितळी तार तेवढी अडून बसली होती. दोरा किंचित खाली घेतला, तारेत ओवलेला मणी तांदळाएवढा हलवला आणि छेडलं. खोलीत कुणीतरी पाचवं आलं. वर, लांब, पण अगदी स्पष्ट. गंधार. मी चारही तारांकडे बघितलं. माझे हात मांडीवर होते. चाचा समोर खुंट्या तासत होते, त्यांनी पटाशी खाली ठेवली. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "आता हात लावू नको," आणि वजू करायला उठले.

मी रडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

पुढं एका गिऱ्हाइकानं, ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, मला समजावून सांगितलं. तार एकदम सबंध हलते, तशीच दोन भागांत, तीन भागांत, पाच भागांतही हलते. पाच भागांतला कंप म्हणजे खर्जाचा हा गंधार, पेटीवरच्या गंधारापेक्षा जरासा उतरलेला. त्यांनी सी. व्ही. रामन यांचंही सांगितलं. पुस्तकी नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडाल तिथं ज्या कंपाची गाठ असेल तो कंप उठू नये. रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्याबद्दल लिहिलं, की इथं तोही उठतो, आणि याचं कारण ही घोडी. मला या माहितीचा फार आनंद झाला. वेलावर दोडका कसा धरतो हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, तरी पहाटे मळ्यात गेल्यावर तो त्याला हात जोडतोच ना.

पण माझं खरं काम त्या गंधारानं नंतर केलं. कानाला एकदा न लावलेला सूर ऐकायची सवय लागली की तो मागच्या गोष्टींतही ऐकू यायला लागतो. दवाखान्यातले ते अडीच महिने मी नेहमी एकाच तारेवर आठवायचो: मागितलं आणि मिळालं नाही. हळूहळू बाकीचं आठवायला लागलं. आईला रक्त हवं होतं त्या रात्री शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा मुलगा, बेळगावकडचा, न सांगता उठून गेला आणि रक्त देऊन आला. त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. रात्रपाळीच्या मावशी होत्या. आईचे केस गळत आले होते, तरी त्या कामावर आल्या की आधी तिची वेणी घालायच्या. उरलेल्या करंगळीएवढ्या वेणीत रोज एक अबोलीचं फूल. आई आरशात बघायची. त्या महिन्यांत मी तिला फक्त तेवढंच हसताना पाहिलं.

ओटी, चादर, वारी. यातलं काहीही मी फुलासाठी बोललो नव्हतो.

आई का राहिली नाही याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि ते मिळाल्याचा आव मी देवापुढंही आणत नाही. पण तिथं कुणीच नव्हतं, असं आता मला म्हणवत नाही. देव माझ्यासाठी खुंटी पिळत नसेल. माझ्याकडचे चार सूर मी खरे ठेवायचे, हाताला जमेल तेवढा उतार काढायचा, दोरा सरकवत राहायचं. पाचवा सूर त्याचा. तो येतो, रोज येतो, आणि मी रोज त्याच्यासाठी कान मोकळा ठेवून बसतो. यालाच श्रद्धा म्हणत असतील तर ती मला उशिरा मिळाली, पण पक्की मिळाली. पंढरीला मी त्यानंतर चालत गेलो. नवस फेडायला नव्हे, भेटायला.

चाचा आता नाहीत. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव होतो आणि उरुसात दर्ग्यात. दोन्हीकडचे तंबोरे गाण्याआधी माझ्या हातून एकदा जातात. दोन्हीकडचा गंधार एकच असतो.

गेल्या महिन्यात एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला होता, आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्यासाठी लहान तंबोरा घ्यायचा होता. मी एक मिळवून तिच्या पुढं धरला. तिनं ऐकलं आणि विचारलं, "काका, वरचा आवाज कुठल्या तारेचा आहे?"

मी म्हटलं, "तूच शोध."

तिनं एकेका तारेवर बोट ठेवायला सुरुवात केली. पंचमावर ठेवलं, आवाज होता. जोडीवर ठेवलं, होता. मग खर्जावर ठेवलं आणि तो गेला. तिनं माझ्याकडे बघितलं, बोट उचललं, मीच हळूच तार छेडली. तिनं श्वास रोखला आणि तबलीला कान लावला.